मराठी पुस्तकाची प्रसिद्धी : ग्रंथदिंडीपासून मोबाइलपर्यंत

मराठी ग्रंथाच्या प्रसिद्धीचा इतिहास छापखान्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. प्राकृतातल्या या ग्रंथाला तिथल्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याचीच मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. पुढे तो ग्रंथ पारायण, कीर्तन आणि प्रवचनांतून गावोगाव पोचला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यातल्या ओव्या तोंडपाठ असत. साहित्य संमेलनाच्या आरंभी निघणारी ग्रंथदिंडी ही याच रिवाजाची आजची खूण. मात्र ग्रंथ लोकांना वाचून दाखवण्याचा त्यातला मुख्य भाग आज गळून पडला आहे.

छापील पुस्तकाला ग्राहक शोधावा लागला. न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, त्यामागे ग्रंथप्रसाराची हीच काळजी होती. प्रत्यक्षात ते काम नियतकालिकांनी केले. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. कादंबरी पुस्तकरूपाने निघाली तेव्हा तिचा वाचक आधीच तयार झालेला होता. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतर नव्या लेखकाचे नाव घराघरांत पोचवण्याचे सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे दिवाळी अंक, हे समीकरण अनेक दशके टिकले.

या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण १९३३ चे. ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रकाशित केला. लेखिकेचे नाव छापले होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांची घुसमट आणि त्यांच्या इच्छा या कथांमध्ये इतक्या उघडपणे आल्या होत्या की महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही बाई कोण, बाईच आहे की बाईच्या नावाआडून कोणी पुरुष लिहितो आहे, यावर तर्कवितर्क रंगले. बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालती बेडेकर, हे खरे नाव बराच काळ गुप्त राखले गेले. लेखिका व्यासपीठावर नाही, तिचे छायाचित्र नाही, मुलाखत नाही, तरीही पुस्तकाची चर्चा थांबेना. आजच्या लेखकाला सतत लोकांसमोर राहण्याचा जो सल्ला दिला जातो, त्याच्या हे नेमके उलट आहे. नावाच्या कुतूहलाने पुस्तक हाती घेतले गेले हे खरे. पण कुतूहल शमल्यावरही ते वाचले जात राहिले ते आतल्या मजकुरामुळे. टोपणनावाची अशी युक्ती पोकळ पुस्तकाला एक हंगामही तारू शकत नाही.

वृत्तपत्रीय परीक्षणाचा मार्ग याहून शिस्तीचा. ‘अभिप्रायार्थ दोन प्रती’ संपादकांकडे पाठवायच्या आणि वाट पाहायची, हा सर्वमान्य शिरस्ता. परीक्षण आले तर उत्तम. नाहीतर ‘साभार पोच’च्या बारीक टाइपातल्या यादीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत एवढे तरी येई. दूरच्या गावातल्या ग्रंथपालाला नवे काय निघाले हे या यादीतूनच कळत असे. केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू केले आणि ग्रंथव्यवहारालाच वाहिलेले व्यासपीठ मराठीला मिळाले. जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या नावाने त्यात लिहिलेल्या सदराची लेखकांत धास्तीही होती आणि त्यात आपले नाव यावे अशी आसही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतली परीक्षणांची जागा गेल्या काही वर्षांत आक्रसली आहे, आणि मराठी ग्रंथव्यवहाराचे हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

प्रकाशन समारंभ मात्र वाढत गेले. रंगीत कागदात गुंडाळलेले पुस्तक, त्यावरची सोडायची फीत, शाल, श्रीफळ, छायाचित्रासाठी छातीशी धरलेल्या प्रती आणि तीन-चार पाहुण्यांची भाषणे. खर्चाच्या मानाने या साधनाचा उपयोग सर्वांत कमी आहे, कारण सभागृहात बसलेला बहुतेक वर्ग लेखकाच्या ओळखीचाच असतो. भालचंद्र नेमाडे यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या लेखात मानसन्मानांमागे धावणाऱ्या लेखकावर नेमके बोट ठेवले होते. ते निदान अजून लागू पडते.

वाचकापर्यंत स्वतः चालत जाण्याचा प्रयोग ‘ग्रंथाली’ने केला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाचक चळवळ उभी केली. सभासद वाचक, परवडणारी किंमत, गावोगावची प्रदर्शने आणि ग्रंथयात्रा अशी तिची रीत होती. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये याच वाटेने वाचकांकडे गेले. मराठवाड्यात असे काम आधीपासून चालू होते. अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ दैनिकाचा दिवाळी अंक आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ यांनी पुण्या-मुंबईच्या नजरेबाहेरचे लेखक पुढे आणले. ‘अस्मितादर्श’चे मेळावे लेखक आणि वाचक यांना समोरासमोर बसवत. जाहिरातीचा पैसा नसलेल्या दलित लेखनाला तेवढा आधार पुरेसा ठरला.

पडद्यावर आलेले पुस्तक नव्या वाचकांकडे जाते. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’चे २०१३ च्या चित्रपटानंतर तसे झाले. छत्रपती संभाजीनगरमध्ये साकेत प्रकाशन उभारणारे बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ ही कादंबरी तर पैठणच्या घाटावरचीच. तिच्यावरील चित्रपटाला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रदर्शनाच्या वेळी विरोध झाला आणि कादंबरीचे नाव बातम्यांत आले. वादातून मिळणाऱ्या अशा प्रसिद्धीवर लेखकाचा ताबा नसतो. कशाची चर्चा होणार हे विरोधकच ठरवतात.

मोठ्या पडद्यासारखेच काम छोट्या पडद्यानेही केले. संभाजीनगरहून पैठणला जाताना लागणारे चितेगाव हे कारखान्यांचे गाव. व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच इथे तयार होत. मुंबई दूरदर्शनवर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमातून लेखक घरात बोलू लागला, त्या काळात अशा संचांनी पुस्तकांचीही ओळख करून दिली. आज ती जागा मोबाइलने घेतली आहे. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानापर्यंत जाण्याची गरज न उरलेला इथला कामगार वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठ पाहतो, पैसे फोनवरून भरतो आणि पुस्तक टपालाने मागवतो. ‘बुकगंगा’सारखी संकेतस्थळे आणि ‘स्टोरीटेल’वरची श्राव्य पुस्तके यांनी अंतर कमी केले. पण याच बदलाने प्रसिद्धीचा भार प्रकाशकाकडून लेखकाच्या खांद्यावर आला. मजकूर टाकणे, फोन घेणे, पाकिटे बांधणे आणि टपाल कचेरीत जाणे हे सारे तोच करतो. अनेकदा छपाईचा खर्चही त्याचाच असतो. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याचा लेखनाचा वेळ यात जातो, आणि याची दखल प्रकाशन व्यवसायाने घ्यायला हवी.

ग्रंथालये हे उरलेले मोठे दालन. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात हजारो ग्रंथालये अनुदानावर चालतात. त्यांची खरेदी अनेक पुस्तकांच्या पहिल्या आवृत्तीचा आधार असते. जिल्हा ग्रंथोत्सवांत हे ग्रंथपाल, प्रकाशक आणि लेखक एकत्र येतात. भिलारला २०१७ मध्ये सुरू झालेली ‘पुस्तकांचं गाव’ योजना छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळपर्यंत आली आहे. लेणी पाहायला आलेल्या माणसाला तिथे पुस्तक हातात घेऊन बसून वाचता येते, आणि त्यासाठी लेखकाला पदरचा पैसा घालावा लागत नाही.