उच्च विभेदनाच्या संगीत तबकड्या आणि संपीडन पद्धतीची निवड

प्रस्तावना :
साध्या सीडीवर ध्वनीचे प्रतिसेकंद ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदविलेला असतो. याहून सूक्ष्म नोंद करणाऱ्या डीव्हीडी-ऑडिओ आणि सुपर ऑडिओ सीडी या दोन तबकड्या १९९९ साली पुढे आल्या. यांपैकी डीव्हीडी-ऑडिओसाठी संपीडन पद्धत कशी निवडली गेली हे पाहिल्यास अशा निवडीचे निकष स्पष्ट होतात.

मूळ अडचण :
सहा चॅनेल, प्रतिसेकंद ९६,००० नमुने आणि प्रत्येकी २४ बिट असे ध्वनिमुद्रण धरल्यास प्रतिसेकंद १३.८२ मेगाबिट माहिती निर्माण होते. डीव्हीडी-ऑडिओची कमाल वहनमर्यादा मात्र ९.६ मेगाबिट होती. शिवाय ४.७ गिगाबाइटच्या एकस्तरीय तबकडीवर असे संगीत असंपीडित स्वरूपात जेमतेम ४५ मिनिटेच मावले असते. म्हणजे अडचण दुहेरी होती : एक जागेची आणि दुसरी वेगाची.

दोन मार्ग :
एमपी३ किंवा डॉल्बी डिजिटल या पद्धती कानाला सहसा न जाणवणारा अंश वगळतात. त्यामुळे माहिती पुष्कळ घटते. परंतु वगळलेला अंश पुन्हा मिळविता येत नाही. सूक्ष्मतेसाठीच निर्माण केलेल्या तबकडीवर अशी पद्धत मुख्य आधार मानणे विसंगत ठरले असते. म्हणून मूळ नोंद बिटागणिक परत देणारी ‘मेरिडियन लॉसलेस पॅकिंग’ ही हानिरहित पद्धत स्वीकारण्यात आली.

कार्यपद्धती :
ही पद्धत प्रथम चॅनेलांमधील समान अंश वेगळा काढते. त्यानंतर मागील नमुन्यांवरून पुढील नमुन्याचे अनुमान करते व केवळ अनुमानातील फरक नोंदविते. हे फरक बहुधा लहान असल्याने थोड्या बिटांत मावतात. मात्र झांजांचा कल्लोळ किंवा गोंगाटासारखा ध्वनी अनुमानास दाद देत नाही आणि तेथे वहनवेग एकदम वाढतो. सरासरी कितीही कमी असली तरी अशा एका क्षणी मर्यादा ओलांडली गेल्यास वादन खंडित होईल. यासाठी तबकडीवाचकातील तात्पुरत्या साठ्यात माहिती आगाऊ भरून ठेवली जाते. तरीही मर्यादा ओलांडली जात असेल, तर निर्मात्याला काही चॅनेलांची अचूकता कमी करावी लागे. कारण कोणतीही हानिरहित पद्धत ठराविक घट निश्चितपणे देऊ शकत नाही.

पुढील वाटचाल :
२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीव्हीडी-ऑडिओ बाजारातून जवळजवळ लोपली. मात्र तिची संपीडन पद्धत ब्लू-रे तबकडीवरील डॉल्बी ट्रूएचडीचा पाया ठरली. दुसरीकडे, २००१ साली खुली झालेली ‘फ्लॅक’ ही हानिरहित पद्धत संगणकावरील संग्रहांत रुजली आणि २०२४ साली तिचे इंटरनेट मानक प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष :
संपीडन पद्धत निवडताना तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. मूळ नोंद जशीच्या तशी परत मिळते काय? सर्वांत कठीण क्षणीही माहितीचा वेग साधनाच्या मर्यादेत राहतो काय? आणि साधन कालबाह्य झाल्यावर ती नोंद वाचता येईल काय? तबकडीच्या निर्मात्याला दुसरा प्रश्न निर्णायक वाटतो. ध्वनिमुद्रणे जतन करणाऱ्या ग्रंथालयासाठी मात्र पहिला व तिसरा हे निर्णायक होत.