मादोकाचा तिसरा भाग

शाफ्ट या ॲनिमेशन-संस्थेने निर्मिलेल्या, २०११ च्या जानेवारीत जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'माहो शोजो मादोका मागिका' या बारा भागांच्या मालिकेचा तिसरा भाग पाहताना, मायावी सामर्थ्याने रूप पालटून दुष्टांचा संहार करणाऱ्या बालिकांच्या कथांतून प्रेक्षकाला जे अभय गृहीत धरण्याची सवय जडलेली असते, ते लेखक गेन उरोबुची किती थंडपणे काढून घेतो, हे ध्यानी येते. मामी ही सुशील मार्गदर्शिका, आपले एकाकीपण सरले या आनंदात बेसावध होते आणि मिठाईच्या राज्यातील चेटकिणीकडून क्षणार्धात मारली जाते. 'गेकिदान इनू करी' यांनी रचलेले ते मायाविश्व इतके खेळकर, आणि युकी काजिउरा यांचे संगीत काही क्षणांपूर्वीपर्यंत इतके विजयोन्मत्त, की आघात दुणावतो. प्रेत थंड होण्यापूर्वीच इच्छापूर्तीचा करारनामा पुढे करून संमतीची निकड लावणारा क्यूबे हा मायावी प्राणी मला त्या मृत्यूहूनही भेदक वाटला. असे कारकून कोणत्या दप्तरात नसतात? उणिवा आहेतच. रुग्णालयातील व्हायोलिनवादक मुलाचा प्रसंग घाईने उरकला आहे, आणि मरणापूर्वी मामीचे दुःख तिच्याच तोंडून वदवून घेण्यात लेखकाचा हेतू चाणाक्ष प्रेक्षकाला आधीच कळून चुकतो.