घरावरील जप्ती आणि ऋणकोची लाज

वृत्तपत्रांच्या मागील पानांवर सांप्रत एका विशिष्ट प्रकारच्या जाहिराती नित्य दृष्टीस पडतात. वर 'ताबा नोटीस' असा मथळा, खाली कर्जदाराचे नाव, त्याच्या घराच्या चतुःसीमा आणि थकलेली रक्कम. शेजारी त्या वाचतात, आप्त हळहळतात, आणि ज्याचे नाव छापले तो तोंड लपवितो. ही जाहिरात बँक हौसेने देत नाही. ताबा घेतल्यापासून 7 दिवसांच्या आत ती दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांपैकी एकात स्थानिक भाषेत, छापणे तिला नियमानेच भाग आहे. परंतु नाव छापून येते त्या वेळी ऋणकोची पहिली आणि सर्वांत मोलाची मुदत संपलेली असते. आणि ती बँकेच्या जुलमाने नव्हे, तर बहुधा त्याच्याच लाजेने वाया गेलेली असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा आजही आहे; त्याप्रमाणे सामान्यतः धनकोस दिवाणी न्यायालयात दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागे. 2002 साली संसदेने 'सरफेसी' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि न्यायालयात दावा न लावता तारण घराचा ताबा घेऊन ते विकण्याचा अधिकार बँकांस दिला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हा अधिकार सहकारी बँकांसही आहे असे ठरविले. दुकानाच्या भांडवलासाठी राहते घर नागरी सहकारी बँकेकडे तारण ठेवणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनी हे विसरू नये. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिची वसुली 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खालील दाखल्याने होते, आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची रीत निराळी आहे.

आता मुदतींचा हिशेब पाहू. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर कलम 13 खाली 60 दिवसांची नोटीस येते. ती घेण्याचे टाळल्याने ती टळत नाही. या अवधीत ऋणकोने लेखी हरकत घेतल्यास बँकेने 15 दिवसांत सकारण उत्तर दिले पाहिजे. व्याजाची आकारणी चुकली आहे काय, भरलेले हप्ते जमा दाखविले आहेत काय, हे याच वेळी विचारावे. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढविण्यास रिझर्व्ह बँकेने 2024 सालापासून मनाई केली आहे, तीही येथे दाखवावी. बाकी रक्कम मुद्दल व व्याज यांच्या 20 टक्क्यांहून कमी उरली असेल तर हा कायदा लागूच होत नाही. शेतजमिनीसही तो लागू नाही. हप्ते बांधून मागणे किंवा तडजोडीचा प्रस्ताव देणे, यासही हीच वेळ उत्तम होय.

ताबा घेण्याचे पाऊल पडले, तर 45 दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. बँकेने नियम मोडला असे सिद्ध झाल्यास ते घराचा ताबा परत देववू शकते. मूळ कायद्यात या अर्जासाठी मागणीच्या 75 टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने पैसा भरून न्याय मागावा! ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली मर्दिया केमिकल्सच्या खटल्यात रद्द केली. वरच्या अपिलास मात्र आजही 50 टक्के भरावे लागतात. अपील न्यायाधिकरण ते 25 टक्क्यांपर्यंत कमी करू शकते.

शेवटचा मार्ग संपूर्ण देणे फेडून घर सोडविण्याचा. पूर्वी तो विक्री होईपर्यंत खुला असे. 2016 च्या दुरुस्तीने तो लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होताच बंद होतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली तसाच निर्णय दिला आहे. लिलावात अधिक आले तर उरलेले पैसे ऋणकोचे. कमी आले तर तूट त्याच्याच माथी. म्हणून घर जाणारच असेल, तर बँकेची लेखी संमती घेऊन योग्य गिऱ्हाइकास ते आपणच विकणे पुष्कळदा अधिक हिताचे.

कोणी म्हणेल, आपण बुडव्यांस वाटा दाखविता. तसे नव्हे. बँकेतील पैसा हा ठेवीदारांचा आहे, आणि घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु न्याय्य देणे फेडणे एक, आणि न समजलेल्या कागदापुढे मान तुकविणे दुसरे. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली; त्यानंतर 1879 च्या कायद्याने न्यायालयास खतामागील खरा व्यवहार तपासून हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. त्या शेतकऱ्यांतील बहुतेकांस आपले खत वाचता येत नव्हते. आजच्या सुशिक्षित गृहस्थास वाचता येते, आणि तरी तो पाकीट फोडीत नाही! याला काय म्हणावे?

सरकारास आमची दोन मागणी आहेत. अशी प्रत्येक नोटीस मराठीतही असावी, आणि हरकतीची व अर्जाची मुदत तिच्या माथ्यावर ठळक छापावी. दुसरे असे की, राज्यात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेच आहेत. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या ऋणकोस त्यांची पायरी फार दूर पडते, तिची काही सोय व्हावी. तोपर्यंत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठवावे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांस आणि अनुसूचित जातिजमातींच्या लोकांस उत्पन्न न पाहता तेथे मोफत वकील मिळतो.

आणि समाजास एवढेच सांगणे की, धंदा बसणे, नोकरी जाणे, आजारपण येणे हे पातक नव्हे. आपण ऋणकोची निंदा करितो म्हणून तो नोटीस उशाखाली दडवितो, आणि तेथेच त्याचे 60 दिवस संपतात. ज्याच्या घरी असे पाकीट आले असेल त्याने ते आजच फोडावे, त्यावरील तारीख भिंतीवर लिहावी, आणि उद्या वकिलाकडे जावे.