पोटातला आड

लातूर-नांदेडकडे सोनोग्राफीला निघालेल्याला घरचे बजावतात: खाऊ नको, पाणी मात्र पोटभर पी आणि लघवी धरून ठेव. मुतखड्याची कळ उठलेल्या माणसाला हा छळच वाटतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हाही सोनोग्राफीसाठीचं पाणी कुणाला चुकलं नसणार.

लहानपणी आडात वाकून ‘ओऽ’ केलं नाही असा माणूस आमच्याकडे विरळाच. पाणी वीस मीटर खाली असेल तर ओ परत यायला सेकंदाचा जेमतेम आठवा भाग लागतो. सोनोग्राफीचं मशीन हेच करतं, पोटात ओ देतं. दाबले की काही स्फटिक वीज देतात, हे क्युरी बंधूंना 1880 मध्ये सापडलं. उलट, वीज दिली की पोटावर फिरणाऱ्या प्रोबमधला तसला स्फटिक थरथरतो, सेकंदाला पस्तीस लाख वेळा. आपला कान वीस हजारांतच थकतो.

शरीरात हा ध्वनी सेकंदाला 1540 मीटर धावतो. पंधरा सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा पाच हजारावा भाग. मशीन काही बघत नाही. वेळ मोजतं आणि त्या अंतरावर ठिपका ठेवतं. एका ओची एक ओळ, सव्वाशे ओळींचं एक चित्र, अशी सेकंदाला चाळीसेक चित्रं! चरबीत ध्वनी जरा रेंगाळतो, पण हिशेब सगळ्यांना 1540 चाच.

हवेशी मात्र त्याचं जमत नाही. कातडी आणि प्रोब यांच्यात हवेचा पापुद्रा राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी माघारी फिरतो, म्हणून तो गारगार जेल. आतड्यातला गॅसही तसाच आडवा येतो, म्हणून उपाशीपोट. लघवीतून मात्र ध्वनी बिनबोभाट पार होतो. भरलेली पिशवी पडद्यावर काळीभोर दिसते, मागचं सगळं दाखवणारी खिडकीच.

भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असते. असल्या निदानापायी महाराष्ट्राला 1988 मध्येच कायदा करावा लागला.

“श्वास घ्या, धरून ठेवा.” पडद्यावर पांढरी कोर चमकते. तिच्या खाली सरळ काळा पट्टा, बॅटरीच्या झोतात खांबामागे पडतो तसा अंधार. खड्याने ध्वनी अडवला, त्याची ही सावली. डॉक्टर कोरीपेक्षा सावलीवरच बोट ठेवतात, कारण पांढरं बरंच काही दिसतं.

“हं, सोडा. आता लघवीला जाऊन या. किती उरते ते परत बघू.”