पाळणाघरातील तान्ह्या बालकांचे संगोपन : गुणवत्तेची पारख

बंगळुरूचा नावलौकिक माहिती तंत्रज्ञानामुळे झाला असला, तरी या शहरातील स्त्री-रोजगाराचा फार मोठा भार तयार कपड्यांच्या कारखान्यांनी उचलला आहे. संगणकासमोर बसणारी अभियंता असो वा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिलाई यंत्र चालविणारी कामगार, प्रसूती रजा संपताच दोघींपुढे एकच प्रश्न उभा राहतो. सहा महिन्यांचे मूल दिवसभर कोणाच्या स्वाधीन करावयाचे?

मातृत्व लाभ अधिनियमात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने सवेतन रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे केली. तसेच 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक करून मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये ही तरतूद कायम असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली. पाळणाघर कसे असावे, हे सांगणारी किमान मार्गदर्शक तत्त्वे महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 मध्ये प्रसिद्ध केली. जागा, वायुवीजन, स्वच्छतागृह, आहार, सेविकांचे प्रशिक्षण यांचा ऊहापोह त्यांत आहे. तीन वर्षांखालील 10 बालकांमागे एक सेविका व एक मदतनीस असावी, असे त्यांत सुचविले आहे.

या प्रमाणाचा थोडा हिशेब करून पाहावा. दहाही बालके वर्षाच्या आतील असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला पाच येतात. एकाला भरविण्यास 20 मिनिटे लागतात आणि आठ तासांत तीन वेळा भरवावे लागते असे गृहीत धरले, तरी पाच तास त्यातच सरतात. दुपटी बदलणे, झोपविणे, रडणाऱ्याला उचलून घेणे, हे सारे उरलेल्या तीन तासांत! इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी लागते. आपल्याकडे सहा महिन्यांचे तान्हे आणि अडीच वर्षांचे धावते मूल एकाच गटात मोजले जाते, ही मोठीच उणीव होय.

शिशुसंगोपनाचे अभ्यासक गुणवत्तेचे दोन पैलू मानतात. पहिला संरचनात्मक : जागा, मनुष्यबळ, प्रशिक्षण. हा मोजता येतो. दुसरा प्रक्रियात्मक, म्हणजे सेविका आणि बालक यांच्यात प्रत्यक्ष काय घडते ते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व जागतिक बँक यांनी 2018 मध्ये मांडलेल्या संगोपन-चौकटीत आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि प्रारंभिक शिक्षणाच्या जोडीने बालकाच्या संकेतांना प्रतिसाद देणारी काळजी हा स्वतंत्र घटक आहे.

तान्हे मूल तक्रार करू शकत नाही. त्यामुळे रंगीत भिंती व कॅमेरे पाहून पालक समाधान मानतात. वस्तुतः पाहावयाचे ते निराळेच. मूल रडल्यास किती वेळात उचलले जाते? भरविताना व कपडे बदलताना सेविका त्याच्याशी बोलते काय? दूध पाजताना मांडीवर घेतात, की बाटली तोंडाशी टेकवून ठेवतात? झोपविताना उताणे निजवितात काय? दुपटे बदलल्यावर हात धुतात काय? आणि रोज तीच सेविका असते, की दर महिन्यास चेहरा बदलतो? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण जिव्हाळ्याचे नाते ओळखीच्या व्यक्तीशीच जडते. कमी वेतनामुळे सेविका सारख्या बदलत असतील, तर उत्तम इमारतही निरुपयोगी ठरते.

कारखान्यातील कामगार स्त्रीची अडचण याहून वेगळी. तान्ह्याला घेऊन गर्दीच्या बसमधून दूरचा प्रवास करण्यापेक्षा त्याला गावी आजीजवळ ठेवणे अनेकींना सोयीचे वाटते. कायद्याने मिळालेल्या चार भेटी तेव्हा कागदावरच राहतात. पाळणाघर कामाच्या वा निवासाच्या ठिकाणापासून 500 मीटरच्या आत असावे, ही 2018 च्या तत्त्वांतील शिफारस येथे महत्त्वाची ठरते. कर्नाटक शासनाने ग्रामपंचायत स्तरावर रोजगार हमीच्या मजूर मातांसाठी 2023 मध्ये ‘कूसिन मने’, अर्थात ‘बाळाचे घर’, ही योजना हाती घेतली. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड दिली जाते. दोन्हींचा भर वस्तीजवळच्या सोयीवर आहे. मात्र दुपटे बदलणारे हात पुरेसे आहेत की नाहीत, हे तेथेही प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागते.