कंडेन्सरच्या आडचा रेडिएटर

मे महिन्यात बोरघाट चढताना एसी चालू असला की तापमानाचा काटा वर सरकतो, बंद केला की उतरतो. त्यावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘चढावर एसी लावू नका’. मला तो पळपुटा वाटतो. एसीचा भार धरूनच तर कंपनीने रेडिएटर बसवलेला असतो. मग तो भार आताच का झेपेना?

एसी केबिनमधली उष्णता उपसतो आणि पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. रेडिएटर नेमका त्याच्या पाठीला. त्यामुळे कुलंट निववायला येणारी हवा आधीच तापलेली असते. शिवाय कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिनाला जास्त इंधन जाळणे आलेच. अमेरिकेतल्या पॅकार्डने 1940च्या मॉडेलांत एसी दिला, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. एसी नको असला तर बॉनेट उघडून बेल्ट काढायचा! आज इंजिन फार तापले की बऱ्याच गाड्यांत संगणकच कॉम्प्रेसर बंद करतो. घाटात एसीतून अचानक कोमट हवा आली, तर गॅस संपला म्हणण्याआधी काटा बघावा.

खरी गंमत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत आहे. धूळ, किडे, गवताच्या काड्या तिथे जाऊन बसतात. पुढून टॉर्च मारली तर कंडेन्सर लख्ख दिसतो, मागचा रेडिएटर मात्र गोधडी पांघरून बसलेला. वॉशिंग सेंटरवाला पुढून जोरात पाणी मारतो, त्याने कचरा आणखी आत जातो आणि नाजूक पत्र्या वाकतात. थंड इंजिनावर, मागून पुढे, हलक्या धारेने धुवायला हवे. कित्येक गाड्यांत त्यासाठी पंखाही उतरवावा लागतो. एवढी खटपट कोण करणार?

पंख्याची परीक्षा सोपी आहे. गाडी उभी ठेवून एसी लावला की थोड्याच वेळात तो फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले बघायचे, मग मोटर. सिग्नलला काटा चढतो आणि महामार्गावर उतरतो, तर संशय पंख्यावर. भरधाव वेगातही चढत असेल तर आतून चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट. रेडिएटरचे झाकणही तपासावे. त्याने धरलेल्या दाबामुळेही कुलंट 100 अंशांवर उकळत नाही, आणि म्हणूनच तापल्या गाडीचे झाकण उघडायचे नसते.

काटा लाल रेषेकडे निघाला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. घाम फुटेल, पण हेड गॅस्केटच्या बिलाने फुटतो त्याहून कमी.