हिरड्यांचे दुखणे आणि ताटातले अन्न

२०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि सारा जिल्हा हादरला. पाणी तपासले गेले, तज्ज्ञांची पथके आली. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमच्या आधिक्याकडे बोट दाखविले. टक्कल पडताच ताटातील अन्नाची चौकशी झाली. हिरड्यांतून रक्त येते तेव्हा मात्र ती कोणी करीत नाही. हिरडी फारशी दुखत नाही. म्हणून दात हलू लागेपर्यंत दवाखान्याची पायरी चढली जात नाही.

दंतवैद्यांच्या मते या विकाराचे पहिले कारण दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर हेच होय. डेन्मार्कमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या व्यक्तींनी दात घासणे बंद केले, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत त्यांच्या हिरड्या सुजल्या; घासणे सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. पण हा मारा हिरडी किती सोसते, हे पोषणावरही अवलंबून असते. हिरडीचे तंतू घडविण्यास क जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी खलाशांच्या हिरड्या सडत. १७४७ साली जेम्स लिंड या नौदल-वैद्याने संत्री व लिंबे देऊन त्यांवर गुण आणला. २०१७ साली शिकागो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही हिरड्यांचा दाह वाढविणाऱ्या घटकांत धूम्रपान व रक्तातील वाढलेली साखर यांच्याबरोबर पोषणाची गणना केली.

याचा अर्थ गोळ्या घेऊन हिरड्या बऱ्या होतील, असा नव्हे. दातांवर बसलेले किटण गोळीने निघत नाही. ते दंतवैद्यानेच काढावे लागते. तंबाखू आणि मिसरी यांनी होणारी हानीही कोणतेही फळ भरून काढू शकत नाही.

प्रश्न आहे तो रोजच्या जेवणाचा. ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण हा कसदार आहार खरा. पण त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, आणि भाजीतले फार शिजविल्याने बरेचसे नष्ट होते. सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्यांच्या बागा आहेत. त्याच जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मात्र विहिरीचे पाणी खारट असल्याने ओलिताची भाजी पिकविणे कठीण. शिधापत्रिकेवर धान्य मिळते, फळ मिळत नाही. अशा कुटुंबाला केवळ ‘फळे खा’ असे सांगणे ही थट्टाच ठरेल.

तथापि उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषास दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आवश्यक मानले. एवढे एका मध्यम पेरूतून सहज मिळते. आवळा, बोर, शेवग्याचा पाला ही तर गावचीच संपत्ती. शाळांच्या परसबागांत लिंबू व शेवगा लावावा, पोषण आहाराच्या वरणावर लिंबू शिजविल्यानंतर पिळावे, आणि आरोग्य तपासणीत हिरडी पाहणाऱ्याने ‘दात कशाने घासतोस?’ याबरोबरच ‘काल काय जेवलास?’ हेही विचारावे. केस गळल्यावर जी जागरूकता दिसली, ती हिरड्यांच्या बाबतीत दात पडण्यापूर्वी दिसावी, एवढीच अपेक्षा आहे.